हालचालींच्या शास्त्राची पदवी आणि परवान्याचा प्रश्न

अमेरिकेत ४ जुलै २०२५ रोजी अमलात आलेल्या कर व खर्चविषयक कायद्याने पदवीनंतरच्या शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी कर्जावर नवी मर्यादा घातली. 'व्यावसायिक' ठरलेली पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरपर्यंत कर्ज, तर अन्य पदव्युत्तर विद्यार्थ्याला वर्षाला २० हजार ५०० आणि एकूण एक लाख डॉलरपर्यंत, अशी ही विभागणी असून ती लागू करण्यासाठी १ जुलै २०२६ ही तारीख कायद्यात निश्चित करण्यात आली. आता 'व्यावसायिक' पदवी कोणती, हा प्रश्न ओघानेच आला. त्यासाठी शिक्षण खात्याने बोलावलेल्या समितीत नोव्हेंबर २०२५ मध्ये जी व्याख्या एकमताने ठरली, तीत वैद्यक, दंतवैद्यक, औषधनिर्माण आणि कायदा यांच्याबरोबर धर्मशास्त्र आणि कायरोप्रॅक्टिक यांनाही जागा मिळाली. नर्सिंग आणि फिजिओथेरपी मात्र बाहेर राहिल्या.

या निर्णयावर नर्सिंगच्या संघटनांनी उठवलेला आवाज सर्वांच्या कानी पडला. मात्र त्याची झळ ज्यांना प्रत्यक्ष बसणार आहे, असा आणखी एक मोठा वर्ग अमेरिकी विद्यापीठांत आहे. हे विद्यार्थी अजून पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात आहेत आणि त्यांच्या पदवीचे नाव आहे किनेसिऑलॉजी. त्यांच्यातील अनेकांची ही पदवी फिजिओथेरपीच्या दारापर्यंत नेणारी वाट आहे. दाराचे मूल्य बदलले की वाटेचेही बदलते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले आणि महाराष्ट्रातून कॅनडा-अमेरिकेत जाऊ पाहणारे विद्यार्थी या दोघांनीही या विषयाकडे लक्ष द्यावे, असे त्यात पुष्कळ आहे.

शास्त्र एक, नावे अनेक

'किनेसिस' या ग्रीक शब्दाचा अर्थ हालचाल. मानवी शरीर कसे हलते, का थकते, सरावाने कसे घडते आणि दुखापतीनंतर पुन्हा कसे उभे राहते, याचा अभ्यास म्हणजे किनेसिऑलॉजी. चार वर्षांच्या या पदवीत शरीररचनाशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र हे पाया म्हणून शिकवले जातात. त्यावर हाडे, स्नायू आणि सांध्यांवरील बलांचा हिशेब मांडणारी जैवयांत्रिकी, व्यायामाच्या वेळी हृदय-फुप्फुसे व चयापचय यांत होणारे बदल सांगणारे व्यायाम-शरीरक्रियाशास्त्र, मेंदू आणि मज्जासंस्था हालचालीवर नियंत्रण कसे ठेवतात याचा अभ्यास, क्रीडा-मानसशास्त्र आणि कामाच्या जागेची रचना माणसाच्या शरीराला अनुरूप करण्याचे शास्त्र असे मजले चढतात. चालताना पाऊल जमिनीवर किती बल टाकते हे मोजणाऱ्या पट्ट्या, स्नायूतील विद्युत्-संदेश टिपणारी यंत्रे आणि धावत्या माणसाच्या प्रत्येक श्वासातील प्राणवायूचे मोजमाप ही या विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा.

तथापि, नावाचा घोळ आरंभीच समजून घ्यावा लागतो. अर्जेंटिना आणि चिली या देशांत 'किनेसिऑलॉजी'ची पदवी घेणारा हा आपल्याकडच्या अर्थाने फिजिओथेरपिस्ट असतो. तेथे ही पदवी म्हणजेच रुग्णावर उपचार करण्याचा मार्ग. फ्रान्समध्ये याच धातूपासून बनलेला शब्द फिजिओथेरपिस्टसाठीच रूढ आहे. अमेरिका आणि कॅनडात मात्र किनेसिऑलॉजी ही एक ज्ञानशाखा आहे आणि फिजिओथेरपी हा त्याहून वेगळा, परवान्याने बांधलेला व्यवसाय. याखेरीज 'अप्लाइड किनेसिऑलॉजी' नावाची एक निदानपद्धती अमेरिकेतील जॉर्ज गुडहार्ट या कायरोप्रॅक्टरने १९६४ मध्ये प्रचारात आणली. हाताच्या स्नायूची ताकद अजमावून आजार ओळखण्याचा दावा करणाऱ्या या पद्धतीला शास्त्रीय आधार मिळालेला नाही, आणि विद्यापीठांतील पदवीशी तिचा काहीही संबंध नाही. खेळाडूंच्या खांद्यावर-गुडघ्यावर दिसणारी रंगीत चिकटपट्टीही याच नावाने विकली जाते. एकाच शब्दाच्या इतक्या छटा असल्याने केवळ नावावरून अभ्यासक्रम निवडणारा विद्यार्थी भलत्याच ठिकाणी पोहोचू शकतो.

व्यायामशाळेतून प्रयोगशाळेकडे

या शास्त्राचे मूळ शोधायचे तर स्वीडनमध्ये जावे लागते. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती संस्था स्थापन केली आणि शरीराच्या हालचालींची पद्धतशीर मांडणी केली. त्यांच्या परंपरेतील शिक्षक युरोप-अमेरिकेत पसरले. विसाव्या शतकात या परंपरेला प्रयोगाची जोड मिळाली. स्नायूंतील उष्णतेच्या अभ्यासासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी धावणाऱ्या माणसाच्या प्राणवायू घेण्याच्या क्षमतेवर मूलभूत काम केले. हार्वर्ड विद्यापीठात १९२७ ते १९४७ या काळात खास थकव्याच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा चालली.

मुंबईकर वाचकाला सहज पटावे असे एक उदाहरण लंडनचे आहे. जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांच्या प्रकृतीची तुलना १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केली. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांच्या मानाने दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. बैठे काम हृदयाला घातक ठरू शकते, या आज सर्वमान्य झालेल्या विचाराच्या मुळाशी हे संशोधन आहे. किनेसिऑलॉजीचा विद्यार्थी जे शिकतो त्याची व्याप्ती क्रीडांगणापुरती नाही, हे यावरून ध्यानात यावे.

विद्यापीठांत या विषयाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळाली ती मात्र एका टीकेमुळे. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतील शिक्षक-प्रशिक्षणाचा आढावा घेताना शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांवर सडकून टीका केली आणि ते बंद करावेत, असे सुचवले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील फ्रँकलिन हेन्री यांनी शारीरिक शिक्षण ही स्वत:चा ज्ञानसंचय असलेली विद्याशाखा कशी आहे, याची मांडणी केली. तेथून पुढे 'शारीरिक शिक्षण' हे शिक्षक घडवणाऱ्या विभागाचे नाव मागे पडत गेले. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात वॉटर्लू विद्यापीठाने १९६७ मध्ये किनेसिऑलॉजीचा विभाग सुरू केला. हा जगातील अशा नावाचा पहिला विभाग असल्याचे ते विद्यापीठ सांगते. पाठीच्या कण्यावर पडणाऱ्या भाराविषयी स्टुअर्ट मॅकगिल यांनी दीर्घकाळ केलेले आणि जगभर वाचले गेलेले संशोधन याच विद्यापीठातले. अमेरिकेतील या विषयाच्या अकादमीने १९८९ मध्ये 'किनेसिऑलॉजी' हेच नाव सर्वत्र वापरावे, अशी शिफारस केली आणि त्यानंतर विभागांच्या पाट्या झपाट्याने बदलल्या.

या नामांतराने विषयाला मान मिळवून दिला. त्याबरोबरच एक अडचणही निर्माण झाली. जुन्या पदवीचे गंतव्य ठरलेले होते. ती घेणारा शाळेत व्यायामशिक्षक होत असे. नवी पदवी घेणारा कोण होतो, याचे एका शब्दात उत्तर देता येईनासे झाले.

पायरी वर सरकली

ही अडचण काही काळ जाणवली नाही, कारण आरोग्यक्षेत्रातील अनेक व्यवसायांची दारे या पदवीच्या जवळ होती. नंतर मात्र त्या व्यवसायांनी आपली प्रवेशपातळी एकामागून एक उंच केली. अमेरिकेत फिजिओथेरपीच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना २०१६ पासून 'डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी' हीच पदवी देणे बंधनकारक झाले. म्हणजे चार वर्षांच्या पहिल्या पदवीनंतर साधारणत: आणखी तीन वर्षे. कॅनडात २०१० पर्यंत या व्यवसायाची प्रवेशपदवी पदव्युत्तर स्तरावर गेली. खेळाडूंच्या दुखापती सांभाळणाऱ्या 'अॅथलेटिक ट्रेनर'चे शिक्षण अमेरिकेत पूर्वी पहिल्या पदवीतच पूर्ण होई. तेथेही पदव्युत्तर पदवी अनिवार्य करण्यात आली आणि पहिल्या पदवीच्या जुन्या अभ्यासक्रमांना २०२२ नंतर नवे विद्यार्थी घेण्यास मनाई झाली.

या बदलांचा परिणाम दुहेरी झाला. एकीकडे किनेसिऑलॉजीच्या वर्गांत गर्दी वाढली, कारण पुढच्या शिक्षणासाठी लागणारी शरीरशास्त्राची तयारी येथे होते. दुसरीकडे या पदवीचे स्वतंत्र मोल घटले, कारण तिच्या आधारे मिळू शकणारी कामे वरच्या पायरीवर गेली. पदवीधर झालेल्या विद्यार्थ्याला व्यायामशाळेत, खासगी प्रशिक्षक म्हणून, हृदयरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात किंवा एखाद्या कंपनीच्या आरोग्यविभागात काम मिळू शकते. तथापि यांतील अनेक कामे अशी आहेत की, ती काही महिन्यांचे प्रमाणपत्र घेतलेला माणूसही करत असतो.

कर्जमर्यादेचा नवा नियम या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. फिजिओथेरपीची तीन वर्षांची पदवी 'व्यावसायिक' गणली गेली असती, तर विद्यार्थ्याला वर्षाला ५० हजार या हिशेबाने दीड लाख डॉलरपर्यंत सरकारी कर्ज घेता आले असते. ती तशी न गणल्यास तीन वर्षांत ही रक्कम ६१ हजार ५०० डॉलरवर थांबते. उरलेला पैसा घरून आणायचा किंवा खासगी बँकेकडून चढ्या व्याजाने घ्यायचा. पूर्वी अशा वेळी उपयोगी पडणारी, शिक्षणाचा संपूर्ण खर्च भागवू देणारी सरकारी कर्जयोजना याच कायद्याने नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. कर्जावर लगाम घातला की विद्यापीठे शुल्क कमी करतील, असा या नियमाच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे. तो कदाचित खराही ठरेल. पण शुल्क उतरेपर्यंतच्या काळात जे विद्यार्थी किनेसिऑलॉजीची पदवी हातात घेऊन दारात उभे असतील, त्यांच्यापैकी सामान्य आर्थिक स्थितीतील मुलांना मागे फिरावे लागण्याची शक्यता अधिक आहे. परदेशातून गेलेल्या विद्यार्थ्यांना अमेरिकेचे सरकारी कर्ज मुळात मिळतच नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी हा खर्चाचा डोंगर पहिल्यापासूनच उभा आहे.

ऑन्टारिओचा प्रयोग

पहिल्या पदवीलाच व्यावसायिक ओळख मिळवून देण्याचा लक्षणीय प्रयत्न कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने केला. तेथील विधिमंडळाने २००७ मध्ये किनेसिऑलॉजी कायदा संमत केला आणि १ एप्रिल २०१३ पासून 'कॉलेज ऑफ किनेसिऑलॉजिस्ट्स ऑफ ऑन्टारिओ' ही संस्था कार्यरत झाली. येथे 'कॉलेज' म्हणजे शिकवणारी संस्था नव्हे. आपल्याकडच्या वैद्यक परिषदेसारखी ही नियामक संस्था आहे. असा कायदा करणारा ऑन्टारिओ हा कॅनडातील पहिला प्रांत ठरला. मान्य पदवी घेऊन संस्थेची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या आणि नोंदणी केलेल्या व्यक्तीलाच तेथे 'किनेसिऑलॉजिस्ट' असे बिरुद लावता येते. मानवी हालचाल आणि कार्यक्षमता यांचे मूल्यमापन करणे, तसेच ती टिकवणे, सुधारणे किंवा पूर्वपदावर आणणे, असे या व्यवसायाचे क्षेत्र कायद्याने आखून दिले आहे.

या नोंदणीचा लाभ उघड आहे. कामावर दुखापत झालेल्या कामगाराला पुन्हा कामावर आणणे, कारखान्यातील वा कार्यालयातील कामाच्या जागेची तपासणी, अपघातानंतरचे पुनर्वसन, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी व्यायामाची आखणी ही कामे नोंदणीकृत किनेसिऑलॉजिस्ट करू लागले. रुग्णाला तक्रार करायला एक जागा मिळाली आणि पदवीधराला आपल्या नावापुढे लावण्याजोगी ओळख.

तरीही या प्रयोगाच्या मर्यादा नजरेआड करून चालणार नाही. ऑन्टारिओच्या १९९१ च्या आरोग्यव्यवसाय कायद्यात काही कृती 'नियंत्रित' म्हणून वेगळ्या काढल्या आहेत. रुग्णाला निदान सांगणे, पाठीच्या कण्यावर झटक्याने दाब देऊन उपचार करणे, औषध लिहून देणे अशा त्या कृती. किनेसिऑलॉजिस्टला यांपैकी एकाही कृतीचा अधिकार देण्यात आलेला नाही. फिजिओथेरपिस्टला काही कृतींचा आहे. साहजिकच दोघे एकाच दवाखान्यात काम करत असले तरी उपचाराची दिशा ठरवणारा आणि ती अमलात आणणारा, अशी विभागणी अनेकदा होते. म्हणूनच नोंदणीचा मार्ग खुला असूनही टोरंटो, वॉटर्लू, मॅकमास्टर यांसारख्या विद्यापीठांतून किनेसिऑलॉजीची पदवी घेणारे अनेक विद्यार्थी फिजिओथेरपी, व्यवसायोपचार किंवा वैद्यक यांच्याकडेच डोळे लावून बसलेले असतात. कायदा बिरुदाला संरक्षण देऊ शकतो, पण त्याने प्रतिष्ठेची आणि वेतनाची हमी मिळत नाही, हा ऑन्टारिओचा धडा आहे.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याचे गणित

परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांत किनेसिऑलॉजीची ओळख सहसा 'फिजिओथेरपीच्या जवळचा अभ्यासक्रम' अशी करून दिली जाते. नीट परीक्षेत मनासारखे गुण न मिळालेल्या विद्यार्थ्याला हे वर्णन आकर्षक वाटते, यात नवल नाही. पण 'जवळचा' या शब्दातच सारी गोम आहे.

महाराष्ट्रात बारावीनंतर फिजिओथेरपीला थेट प्रवेश मिळतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा हा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून आजवर साडेचार वर्षांचा राहिला आहे आणि तो संपताच विद्यार्थी नोंदणीस पात्र होतो. राज्यात व्यवसायोपचार आणि फिजिओथेरपी यांच्यासाठी स्वतंत्र परिषद स्थापण्याचा कायदा २००२ मध्येच झाला. मुळात या दोन्ही व्यवसायांच्या शिक्षणाची भारतातील सुरुवात मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली. कमलाताई निंबकर यांनी १९५० मध्ये तेथे व्यवसायोपचाराचे विद्यालय सुरू केले आणि पाठोपाठ फिजिओथेरपीचे शिक्षणही उभे राहिले. याउलट कॅनडात तेवढाच काळ किनेसिऑलॉजी शिकलेला विद्यार्थी चार वर्षांनंतर फिजिओथेरपिस्ट नसतो. त्याला पदव्युत्तर प्रवेशासाठी पुन्हा स्पर्धेत उतरावे लागते. आणि तेथील अनेक विद्यापीठांत या जागा मुख्यत्वे कॅनडाचे नागरिक व कायम रहिवासी यांच्यासाठी असतात. परदेशी विद्यार्थ्याच्या वाट्याला येणाऱ्या जागा अत्यल्प.

आता खर्चाचा विचार करू. कॅनडाच्या सांख्यिकी विभागाच्या माहितीनुसार २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात पहिल्या पदवीसाठी कॅनेडियन विद्यार्थ्याचे सरासरी वार्षिक शुल्क सात हजार डॉलरहून थोडे अधिक होते, तर परदेशी विद्यार्थ्याचे सुमारे ४० हजार कॅनेडियन डॉलर. चार वर्षांचे केवळ शुल्कच एक कोटी रुपयांच्या घरात जाते. त्याशिवाय राहण्याखाण्याच्या खर्चासाठी विद्यार्थ्याने दाखवावयाची किमान रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १० हजारांवरून २० हजार ६३५ डॉलर झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून ती २२ हजार ८९५ डॉलर करण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडा सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आणली. त्या वर्षासाठी सुमारे ३ लाख ६० हजार परवाने म्हणजे आदल्या वर्षाच्या तुलनेत ३५ टक्क्यांची घट, असे तिचे स्वरूप होते. इतक्या खर्चानंतर हाती येणारी पदवी पुढच्या पायरीवर अवलंबून असेल आणि ती पायरी परदेशी विद्यार्थ्यासाठी अरुंद असेल, तर कर्ज काढणाऱ्या कुटुंबाने हे आधीच जाणून घ्यायला हवे.

दुसरा मार्गही अस्तित्वात आहे आणि त्याची चर्चा कमी होते. भारतात फिजिओथेरपीची पदवी घेऊन नंतर कॅनडात जाणाऱ्याला तेथील नियामकांच्या राष्ट्रीय संस्थेकडून शिक्षणाची तपासणी करून घेता येते आणि परीक्षा देऊन परवाना मिळवता येतो. अमेरिकेतही पदवीचे मूल्यांकन आणि राष्ट्रीय परीक्षा असा मार्ग आहे. तो सोपा नाही. कागदपत्रांची छाननी प्रदीर्घ असते आणि काहींना पूरक अभ्यासक्रम करावे लागतात. परंतु या वाटेवर विद्यार्थ्याच्या हाती पहिल्या टप्प्यातच एक व्यवसाय आलेला असतो. पुढचा प्रयत्न फसला तरी त्याला मायदेशी दवाखाना चालवता येतो. किनेसिऑलॉजीची पदवी घेऊन परतणाऱ्याला तसे करता येत नाही. भारतात किनेसिऑलॉजिस्टांसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही आणि त्या पदवीच्या बळावर फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणीही होत नाही.

याचा अर्थ ही पदवी घेऊच नये, असा नाही. संशोधनाची ओढ असलेल्या, जैवयांत्रिकी किंवा व्यायाम-शरीरक्रियाशास्त्रात पुढे पीएच.डी. करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगला पाया क्वचितच मिळेल. क्रीडा प्रशिक्षणाच्या शास्त्रीय अंगात किंवा कामाच्या जागेच्या रचनेत ज्याला रस आहे, त्यालाही ही पदवी उपयुक्त आहे. ज्यांना कर्जाचा बोजा नाही आणि तेथील नागरिकत्व आहे, अशा मुलांसाठी वैद्यकाच्या तयारीचा हा एक चांगला रस्ता आहे. मात्र त्यांनीही रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संख्याशास्त्राचे कोणते विषय पुढच्या प्रवेशासाठी लागतात, हे पहिल्याच वर्षी तपासावे. किनेसिऑलॉजीच्या सर्वच अभ्यासक्रमांत ते सक्तीचे नसतात आणि चौथ्या वर्षी ही उणीव लक्षात आल्यास एक वर्ष वाया जाते. ज्या प्रांतात वा राज्यात राहायचे आहे तेथे या पदवीधराला नोंदणी मिळते का, कोणती कामे करण्याची मुभा आहे आणि त्याच विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात परदेशी विद्यार्थी घेतले जातात का, हे प्रश्न शुल्क भरण्यापूर्वी लेखी विचारलेले बरे.

आपल्याकडील पोकळी

विद्यार्थ्यांच्या निवडीपलीकडे या विषयाचा एक सार्वजनिक पैलू आहे. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ साली भारतातील जवळपास निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी नव्हती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांहून अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करायला हवा. डॉक्टर रुग्णाला 'चालत जा, व्यायाम करा' असे सांगतात. मात्र गुडघे दुखणाऱ्या, मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या गृहस्थाने नेमका कोणता व्यायाम किती करावा, हे सांगणारा प्रशिक्षित माणूस सरकारी दवाखान्यात नसतो. ही जागा शहरांतील व्यायामशाळांतले प्रशिक्षक भरून काढतात. त्यांतले काही उत्तम तयारीचे असतात, तर काहींची तयारी पिळदार शरीर आणि अल्पमुदतीचे प्रमाणपत्र यांपुरतीच असते. ग्राहकाला दोघांतला फरक कळण्याची सोय नाही.

महाराष्ट्राला व्यायामाच्या शिक्षणाची परंपरा नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्याच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. पुण्यात आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ स्थापण्याचा कायदा राज्याने २०२० मध्ये केला. बी.पी.एड.च्या आणि फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमांत किनेसिऑलॉजी हा विषय शिकवलाही जातो. उणीव आहे ती या ज्ञानाला व्यवसायाचे रूप देणाऱ्या व्यवस्थेची. शारीरिक शिक्षण शाळेत अडकले, फिजिओथेरपी रुग्णालयात. निरोगी माणूस आजारी पडू नये म्हणून त्याच्या हालचालींकडे पाहणारा मधला माणूस आपल्या व्यवस्थेत कोठेच बसत नाही.

संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, तेव्हा अशा व्यवसायांची व्याख्या, शिक्षण आणि नोंदणी एका सूत्रात आणण्याची संधी निर्माण झाली. पण बिरुदांवरून होणारे वाद त्याहून अधिक वेगाने पुढे येतात. फिजिओथेरपिस्टनी नावाआधी 'डॉक्टर' लावू नये, असे पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये काढले आणि लगोलग ते मागेही घेतले. ज्या व्यवसायाला देशात सात दशकांची परंपरा आहे, त्याच्या बिरुदाबाबतही इतकी अनिश्चितता असेल, तर नव्या पदवीला ओळख मिळायला किती वेळ लागेल याचा अंदाज करता येतो. काही खासगी विद्यापीठे क्रीडाविज्ञान आणि व्यायामविज्ञानाच्या पदव्या देऊ लागली आहेत. या पदवीधरांची नोंदणी कोठे होणार आणि त्यांना कोणते काम करता येणार, हे ठरण्याआधीच वर्ग भरू लागले, तर अमेरिकेतील विद्यार्थ्यांची जी कोंडी झाली तीच येथे होईल.

ऑन्टारिओने आधी व्यवसायाचे क्षेत्र आखले आणि त्यानंतर बिरुदाला संरक्षण दिले. तो क्रम आपल्याकडे उचलण्याजोगा आहे. राज्य आणि केंद्रातील परिषदांनी व्यायामविज्ञानाच्या पदवीधराने काय करावे आणि काय करू नये, हे स्पष्ट केले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रे, महापालिका रुग्णालये आणि शाळा यांत त्यांच्यासाठी पदे निर्माण करण्याची मागणी रास्त ठरेल. तोवर महाराष्ट्रातील पालकांनी या पदवीकडे तिच्या मूळ स्वरूपात पाहणे हिताचे आहे. ती उत्तम शिक्षण देते आणि पुढच्या शिक्षणाची तयारी करून घेते. व्यवसायाचा परवाना त्यानंतर मिळवावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा धरावा लागतो.